कान सुजलाय, आणि वर पाठीवर टॅटू पण हवाय!

पत्र: ताई नमस्कार, आम्ही दांडिया बाजारात राहतो. लेक १९ वर्षांची, कॉलेजला आहे. गणपती बसायच्या दोन दिवस आधी मैत्रिणींबरोबर जाऊन कानाच्या वरच्या बाजूला टोचून आली, एका कॉस्मेटिकच्या दुकानात, बंदुकीने. आज बारावा दिवस. परवापासून कान वरून लालबुंद झालाय, त्या कुशीवर झोपता येत नाही. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल लावलं, मी टिटॅनसचं इंजेक्शन देऊन आणलं, तरी उतार नाही. त्या म्हणतात सोनाराकडे गेली असती तर हे झालंच नसतं. आणि एवढं होऊनही बाईसाहेबांना नवरात्राच्या आधी पाठीवर टॅटू काढायचाय, बॅकलेस चोळी शिवायला टाकलीय ना! मी म्हणते टॅटूने एड्स होतो, ती म्हणते आई तुला काही माहीत नाही. तुम्ही इतकी वर्षं नर्स होतात, तुम्हीच समजवा तिला.
– वैतागलेली आई, वडोदरा

ताई, टॅटूचं मागून बघू. आधी उठा आणि लेकीला आजच्या आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका. ओळखीचे कोणी नसतील तर सरळ सयाजी हॉस्पिटलची ईएनटी ओपीडी गाठा. मी उगाच घाबरवत नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय ना, की दहा दिवसांनी लाली वाढली आणि कुशीवर झोपता येत नाही, ते वाचून मला बरं वाटलं नाही. जाता जाता एक बघा, कानाची खालची मऊ पाळी नेहमीसारखी आहे आणि वरचा कडक भाग मात्र लाल, गरम, फुगलेला, हात लावला तरी ओरडते, असं असेल तर ते कानाच्या हाडातलं इन्फेक्शन असायची शक्यता जास्त. आपण हाड म्हणतो पण ते हाड नसतं, कूर्चा असते, आणि तिथेच सगळी गोम आहे.

पाळीत रक्त भरपूर फिरतं. तिथे जंतू शिरले तर रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, गोळी घेतली तर औषधही रक्तातूनच पोचतं, म्हणून पाळीचं इन्फेक्शन बरेचदा चार दिवसांत आटपतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत हो, तिच्यावर जे पातळ आवरण असतं त्यातून झिरपेल तेवढ्यावर ती जगते. त्या आवरणात पू झाला की आवरण कूर्चेपासून सुटतं आणि कूर्चेचं खाणंपिणंच बंद. मग ती मरते, विरघळते आणि कानाचा आकार जातो, कान चुरगळल्यासारखा दिसतो. आकार एकदा गेला की तो परत आणायला प्लास्टिक सर्जरी लागते, आणि तीही सोपी नसते. म्हणून म्हणते आजच जा.

आणि घरात पडलेली कुठलीतरी अँटिबायोटिक देऊ नका. कानाच्या वरच्या भागात खूपदा स्यूडोमोनास नावाचा जंतू निघतो, ओल्या जागेत, पाण्याच्या नळात, बाथरूममध्ये मजेत राहणारा, आणि त्याच्यावर आपली नेहमीची अमॉक्सिसिलिन काहीही काम करत नाही. चार दिवस गोळ्या खाऊन वाट बघायची आणि तोवर कान गेलेला. रिंग काढायची की ठेवायची हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या, घरी उपटून काढली आणि वरचं भोक मिटलं की पू आतच कोंडतो.

आता बंदुकीचं. ती बंदूक मला कधीच आवडली नाही. एक तर तिचं अंग प्लास्टिकचं, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घातलं तर वितळेल, म्हणजे दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ती नुसती पुसली जाते. दुसरं म्हणजे तिच्यात सुई नसते, रिंगचंच जरासं टोक असतं आणि स्प्रिंगच्या जोरावर ते आत घुसवतात. मऊ पाळीत एकवेळ चालून जातं, पण कूर्चेत ते भोक पाडत नाही, चेंगरतं. शिवाय मागचा स्क्रू इतका घट्ट बसतो की सूज आली तर तिला जागाच राहत नाही.

तुम्ही म्हणाल दुकानदाराने तर समोर स्प्रे मारला होता. त्याचीच एक गोष्ट सांगते. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात २००० साली एका दुकानात कानाच्या वरच्या बाजूला टोचून घेतलेल्या सात जणांच्या कानात हाच स्यूडोमोनास सापडला, काहींना ॲडमिट करावं लागलं, काहींच्या कानाचा आकार कायमचा बिघडला. शोधत गेले तर जंतू निघाला कुठे, तर टोचायच्या आधी मारायच्या जंतुनाशकाच्या स्प्रे बाटलीत! बाटली धुवायची, परत भरायची, परत धुवायची, ओल्या बाटलीत हे महाशय घर करून बसलेले. मी नोकरीला असताना नवीन पोरींना हे सांगायचे तेव्हा त्यांना खोटं वाटायचं, मग त्याच जाऊन वॉर्डातल्या बाटल्या तपासायच्या.

सासूबाईंचं सोनाराचं म्हणणं, तर अर्ध बरोबर आहे. सोनारानेच कान टोचावे ही म्हण उगाच नाही पडली, त्याचा हात बसलेला असतो, एका झटक्यात सरळ भोक, आणि सोन्याची तार बहुतेकांना सोसते. पण सोनार टोचायचा तो पाळी, आणि सहसा तान्ह्या मुलांची. वरची कूर्चा टोचणं हे त्याचं काम नव्हतंच. आणि दिव्यावर तापवून फडक्याला पुसलेली तार म्हणजे निर्जंतुक नव्हे, ज्योतीत जंतू मरतीलही पण फडक्यावरचे लगेच परत चिकटतात. पुढे नातवंडाचे कान टोचाल तेव्हा सोनार चालेल, पण त्याला नवीन पॅकबंद सुई फोडायला लावा आणि आधी साबणाने हात धुवायला सांगा, लाजू नका.

हळद-तेलाचं मात्र मी स्पष्टच सांगते, नको. घरची हळद डब्यातली, त्यात चमचा कोणाकोणाचा जातो, आणि ताज्या भोकावर तेलाचा थर दिला की घाण आतच राहते. स्पिरिट, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड हेही रोज रोज नको, जंतूंबरोबर नवीन येणारी कातडीसुद्धा जळते आणि जखम लांबते. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाइन मिळतं, ०.९ टक्के मिठाचं, छोटी बाटली आणायची, हात धुवायचे, कापसापेक्षा स्वच्छ गॉज बरा कारण कापसाचे धागे रिंगला अडकतात, आणि दिवसातून दोनदा नुसतं भिजवून खपली मऊ करून पुसायची. बस. रिंग गोल गोल फिरवायची नाही! आपल्याला लहानपणी सगळ्यांनी सांगितलं ना की फिरवत राहा नाहीतर चिकटेल, ते चूक आहे, फिरवली की खपलीवरची घाण आत ओढली जाते आणि आतली नवी कातडी फाटते. पाळी भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, नाकपुडीला चार-सहा महिने, आणि कानाच्या वरच्या भागाला सहा महिने ते वर्ष. वर्षभर कानाशी खेळायचं नाही हे १९ वर्षांच्या मुलीला कसं पटवायचं ते तुम्ही बघा, मला माझ्या भाचीला पटवता आलं नव्हतं.

टिटॅनसचं इंजेक्शन दिलंत त्यात वाईट काही नाही, पण ते फक्त धनुर्वातासाठी असतं. पू करणाऱ्या जंतूंशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याकडे इंजेक्शन दिलं की सगळे निश्चिंत होतात आणि त्यातच दोन दिवस जातात.

इथे माझी एक फजिती सांगून टाकते. ट्रेनिंगला हॉस्टेलवर असताना मैत्रिणीने माझ्या पाळीला दुसरं भोक पाडून दिलं, सुई नवी कोरी, हात धुतलेले, सगळं शास्त्रोक्त, आणि मग मी त्यात घातला जत्रेतला दहा रुपयांचा टॉप. दोन महिने कान खाजायचा, पाणी सुटायचं, मी इन्फेक्शन समजून मलमं चोळत बसले. शेवटी स्किनच्या मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या अगं नर्स ना तू, ही निकेलची ॲलर्जी आहे, तो टॉप काढ. खाज आणि पाणी जास्त, दुखणं कमी आणि आठवडे न् आठवडे तेच चालू, तर ॲलर्जीचा विचार करायचा. ठणका, उष्णता, पिवळा-हिरवा पू, ताप, तर इन्फेक्शन. म्हणून नव्या भोकात टायटेनियम किंवा चांगलं सोनं घालायचं. सर्जिकल स्टील पुष्कळांना चालतं पण त्यातही निकेल असतंच, थोडं पक्कं बांधलेलं असतं इतकंच.

बरं, आता टॅटू. पहिलं म्हणजे कान पूर्ण बरा होईपर्यंत टॅटूचं नावच नको, अंगात एकीकडे इन्फेक्शन चालू असताना दुसरीकडे हजारो भोकं पाडून घ्यायची नसतात. टॅटूची सुई एक-दोन मिलिमीटर आत जाते, वरच्या कातडीखालच्या थरात शाई सोडते, म्हणजे दिसायला चित्र असलं तरी ती एक पसरट उघडी जखमच असते.

दुसरं, कॅलेंडर काढा. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना, मध्ये पितृपक्षाचा पंधरवडा, म्हणजे जेमतेम सोळा-सतरा दिवस. टॅटूची वरची कातडी भरायलाच दोन ते चार आठवडे लागतात, आतून अजून जास्त. आणि मग नऊ रात्री घाम, धूळ, गर्दीत दहा जणींचे घामेजलेले दंड पाठीला घासणार, चणियाचोळीची दोरी आणि आभले टोचणार, रात्री दोनला घरी येऊन तशीच झोपणार. वडोदऱ्यात नवरात्राच्या आधी टॅटूवाल्यांकडे रांगा लागतात हे मला माहितेय, पण जखमेसाठी याच्याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. सासूबाई पितृपक्षात नवीन काही नको म्हणतच असतील, तर या एका बाबतीत सासूबाई आणि डॉक्टर एका बाजूला आहेत असं लेकीला सांगा, तेवढीच मजा.

यंदा गरब्यासाठी स्टिकरवाला टॅटू लावू दे की, नऊ दिवस नऊ डिझाइन. फक्त ती तासाभरात काळीकुट्ट होणारी 'ब्लॅक मेंदी' नको. खरी मेंदी काळी नसतेच, त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं आणि त्याने फोड येऊन डाग राहिलेले मी बघितलेत, शिवाय पुढे आयुष्यभर केस रंगवायची पंचाईत होते ती वेगळीच.

खरा टॅटू दिवाळी झाल्यावर. दिवाळीच्या आधी नको, नाहीतर अभ्यंगस्नानाला कोणीतरी प्रेमाने पाठीला उटणं घासणार! नोव्हेंबरच्या शेवटी काढला तर घाम कमी आणि संक्रांतीच्या उत्तरायणापर्यंत व्यवस्थित भरलेला असतो, गच्चीवर दिवसभर उन्हात उभं राहायचंय तेव्हा सनस्क्रीन लावता येईल. ओल्या टॅटूवर सनस्क्रीन चालत नाही.

तुमचं एड्सचं म्हणणं. अहो ताई, वापरलेली सुई परत वापरली तर एचआयव्हीची भीती आहेच, त्यात तुम्ही चूक नाही. पण मला त्याहून जास्त भीती हिपॅटायटिस बी ची, म्हणजे यकृत सुजवणाऱ्या काविळीची वाटते, कारण तो विषाणू चिवट, वाळलेल्या रक्तात बाहेर सात दिवससुद्धा जिवंत राहतो. १९६१ साली न्यूयॉर्क शहराने हिपॅटायटिसच्याच भीतीने टॅटूवर बंदी घातली होती, ती उठली १९९७ ला. आणि हिपॅटायटिस बी ला लस आहे! लेकीचं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा, झाली नसेल तर तीन डोस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. टॅटू काढो न काढो, ती लस घ्याच. हिपॅटायटिस सी ला लस नाही, तिथे सुई नवी असणं हाच एक बचाव.

म्हणून "टॅटूच नको" यावर भांडू नका, ती १९ ची आहे, उद्या न सांगता काढून येईल आणि तेव्हा स्वस्तातलं दुकान शोधेल. तुम्ही तिच्याबरोबर जा आणि सुईवर भांडा. आधी एकदा नुसतं बघायला जा, अपॉइंटमेंट न घेता. सुईची कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांदेखत फोडतात का, पाकिटावर एक्स्पायरीची तारीख आहे का. शाई छोट्या टोपणात काढून घेतात ना, मग उरलेली फेकतात की परत बाटलीत ओततात? व्हॅसलीन डब्यातून बोटाने काढतो की आधीच वेगळं काढून ठेवलंय? पाठीवरची लव काढायचं रेझर नवीन आहे का, हे लोक विसरतात, सुई नवीन आणि रेझर सकाळपासून तेच! मशीनला, वायरला, स्प्रेच्या बाटलीला प्लास्टिक गुंडाळलेलं हवं. आणि माझी सगळ्यात आवडती परीक्षा म्हणजे ग्लोव्ह्ज घालून काम चालू असताना फोन वाजला की तो काय करतो ते बघा. तोच हात मोबाइलला लावून तोच परत कातडीला लावला, तर चपला घाला आणि निघा.

पिअर्सिंगचे चिमटे वगैरे स्टीलचे असतात, त्यांना ऑटोक्लेव्ह लागतो. "आम्ही उकळतो" हे उत्तर चालणार नाही, पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि त्यात काही जंतूंचे बीजाणू आरामात तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ डिग्रीला किमान पंधरा-वीस मिनिटं लागते. निळ्या लाइटचा तो छोटा डबा असतो ना पार्लरमधला, तो ऑटोक्लेव्ह नव्हे, त्यात ठेवलेली वस्तू फार तर आहे तशी राहते.

अजून एक गोष्ट कोणी विचारत नाही, शाई पातळ कशाने करता? सावलीसाठी काळ्या शाईत पाणी घालून करडी करतात. नळाचं, आरओचं, बाटलीबंद, यातलं कुठलंही पाणी निर्जंतुक नसतं, प्यायला चांगलं म्हणजे कातडीखाली घालायला चांगलं नव्हे. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला एकाच कलाकाराकडून टॅटू काढलेल्या १९ जणांना करड्या भागावर लाल पुरळ आलं, टीबीच्या जंतूच्या लांबच्या नात्यातला एक जंतू निघाला, आणि तो आला होता तयार करड्या शाईतूनच, सीलबंद बाटलीतून. कलाकाराची बिचाऱ्याची चूक नव्हती. तसलं पुरळ एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उठतं, साध्या अँटिबायोटिकने जात नाही आणि उपचार महिनोन् महिने चालतात. म्हणून टॅटू भरल्यावरही गाठी किंवा पुरळ आलं तर आता कशाला म्हणून सोडून देऊ नका. आणि शाईच्या बाटलीचा फोटो आणि बॅच नंबर मोबाइलमध्ये ठेवायला सांगा लेकीला, एवीतेवी शंभर सेल्फी काढणारच आहे.

काढल्यानंतरचं फार काही नसतं. सांगितलेल्या वेळी पट्टी काढायची, हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने हलकेच धुवायचं, टॉवेलने नाही तर पेपर नॅपकिनने टिपायचं, पातळसं साधं मलम. थापायचं नाही, कातडी गुदमरते. दुसऱ्या आठवड्यात खाज सुटते आणि पापुद्रे निघतात, खाजवायचं नाही, पापुद्रे ओढायचे नाहीत. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, म्हणजे रोज धुवायला तुम्हीच लागणार आहात ताई, हे तिच्या लक्षात आणून द्या, बघा कशी गोड बोलते मग! आणि प्रत्येक घरात ती एक ट्यूब असते ना, गजकर्ण, खाज, पुळी सगळ्यावर एकच, तीन औषधं एकत्र असलेली, ती टॅटूच्या आसपाससुद्धा आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, लाली दबते, खाज थांबते, वाटतं बरं झालं, आणि आत जंतू निवांत वाढतात.

पाणी महिनाभर जपायचं, पोहणं नाही, दमण-दीवला समुद्रात उतरणं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतला एक मुलगा घोट्यावर चार दिवसांचा टॅटू घेऊन त्या पाण्यातून दोन दिवस ये-जा करत होता, काय करणार, दूध तर आणायला हवं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला, पाच दिवस सलाइन लागलं. टॅटूवाल्याकडे काही चुकलं नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस लाली आणि जळजळ असणारच, उन्हाने भाजल्यासारखी, पण ती रोज थोडी थोडी उतरायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर वाढली, पू दिसला, लाल रेघ वर चढायला लागली, ताप किंवा थंडी आली, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर.

घरात कोणाला जखमेच्या जागी कातडी फुगून गाठ येण्याची सवय आहे का तेही आठवून बघा, केलॉइड म्हणतात त्याला, कान, खांदा आणि छाती या त्याच्या आवडत्या जागा. तसं असेल तर टॅटू आणि पिअर्सिंग दोन्हीचा नाद सोडलेला बरा. शुगर ताब्यात नसेल, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. आणि हो, कॉलेजच्या रक्तदान शिबिरात तिने या टोचण्याचं खरं सांगायचं, टॅटू किंवा टोचल्यानंतर एक वर्ष रक्त घेत नाहीत.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, जत्रेत एका बाईने गोंदलं होतं म्हणे, तीच सुई पुढच्या हाताला. आजीला काही झालं नाही. तिच्याबरोबर बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीचा हात मात्र महिनाभर पिकला होता, ते आजी कधी सांगायची नाही, मला आईकडून कळलं. त्यामुळे "आमच्या वेळी काही होत नव्हतं" हे वाक्य सासूबाई बोलल्या तर हळूच हसा आणि लेकीला गाडीवर बसवा. ईएनटी ओपीडी सकाळची असते, पत्र हातात पडलं तेव्हा दुपार झाली असेल तर खासगीत दाखवा, तेही नाही जमलं तर इमर्जन्सीत. काय म्हणाले ते मला कळवा, आणि रिंग काढली का तेवढं जरूर लिहा.